नेपाळला जाण्याआधी आमची तयारी घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सलाम.

खरं तर हे तुमच्या घरी येऊन बोलायला हवं. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते पुण्यातल्या इतर ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या (चर्चमधल्या) तरुणांनाही कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, ते पाळलंय.

आमच्या तरुण संघाची काठमांडूच्या खोऱ्यातली मिशन ट्रिप पार पडली, सगळे सुखरूप आलो. ललितपूरच्या ज्या बालगृहात आम्ही होतो, तिथल्या दिदींचा परवा फोन आला होता. पाहुणे येऊन गेले की त्यांच्याकडे पुढचे काही दिवस घर विस्कटतं. लहानगी जेवत नाहीत, रात्री उठून रडतात. या वेळी तसं काही झालं नाही, मुलं दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शाळेत गेली, एवढंच सांगायला त्यांनी फोन केला होता. बाई, याचं श्रेय सर्वस्वी तुमचं आहे.

चर्चमागच्या हॉलमधली ती पहिली बैठक मला अजून जशीच्या तशी आठवते. कृतिगीतं, बाहुल्यांचा खेळ, खाऊच्या पिशव्या अशी आमची यादी तुम्ही नीट वाचलीत, घडी घालून पर्समध्ये ठेवलीत आणि तुमच्या बोर्डिंगबद्दल बोलू लागलात. तुम्ही बालगृहाच्या अधीक्षिका होतात हे आम्हाला ठाऊक होतं. नगरकडच्या मिशन बोर्डिंगात तुम्ही स्वतः वाढलात, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. परदेशातून एक पाहुणी आली होती. ती रोज सकाळी तुम्हाला पायरीवर बसवून केस विंचरायची, हळू, गुंता न ओढता. मग ती गेली. त्यानंतर कितीतरी महिने तुम्ही मावशींना केसांना हात लावू दिला नाही. फणी दिसली की पळून जायचात. ज्या मावशी आधी आणि नंतर सगळी वर्षं तुमच्या उवा काढत होत्या, तापात उशाशी बसत होत्या, त्या फणी हातात घेऊन अंगणात उभ्या राहायच्या. “ती बाई वाईट नव्हती, फार प्रेमळ होती,” असं तुम्ही म्हणालात. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. आमच्या सगळ्या ट्रिपचा आराखडा तिथंच बदलला.

पुढचं काम तुम्ही किती चिकाटीनं केलंत! प्रत्येकाची पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी करून घेतलीत. मुलांबरोबर एकट्यानं कुठं थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, “पुन्हा येईन” म्हणायचं नाही, हे पाठ करून घेतलंत. आणि ज्या संस्थांची नावं आमच्याकडे आली होती, त्यांना स्वतः फोन लावलेत. सरकारदरबारी नोंद आहे का? किती मुलांचे आईवडील हयात आहेत? ते शेवटचे कधी भेटून गेले? मुलांना सांभाळणाऱ्या बायका किती वर्षं टिकून आहेत? एका ठिकाणचा माणूस म्हणाला, कधीही या, मुलांचा नाच बसवून ठेवतो. त्या नावावर तुम्ही काट मारलीत. ललितपूरच्या दिदींनी उलट तुमचीच चौकशी केली, आमच्या येण्याचा मुलांना काय उपयोग असं विचारलं. तुमचा चेहरा तेव्हा किती खुलला होता!

हे प्रश्न का विचारायचे तेही तुम्ही समजावलंत. नेपाळमधल्या बालगृहांतली बहुतेक मुलं अनाथ नाहीत, त्यांची आई किंवा वडील, कधी दोघंही, हयात असतात. 1996 ते 2006 च्या यादवीत हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल शिक्षणाच्या नावाखाली मुलं घेऊन यायचे, आईबापांकडून पैसे उकळायचे आणि काठमांडूत हीच मुलं अनाथ म्हणून पाहुण्यांपुढे उभी करायचे. एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर हाच धंदा पुन्हा सुरू होईल या भीतीनं तिथल्या सरकारनं नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अनाथालयांत स्वयंसेवक म्हणून जाण्यातून होणाऱ्या नुकसानीची दखल घेतली. पाहुण्यांचा पैसा जिथं येतो तिथं मुलं आणली जातात, हे ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघी रडल्या होत्या.

एका शनिवारी तुम्ही आम्हाला दौंडच्या गाडीनं केडगावला नेलंत. मुक्ती मिशनचं आवार दाखवलंत, पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली कशा आणल्या ते सांगितलंत. लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेलीच गोष्ट, पण तुम्ही बोट ठेवलंत ते वेगळ्याच जागी. रमाबाई तिथंच राहिल्या. 1922 मध्ये गेल्या त्याही तिथूनच. आम्ही मात्र आठवड्यात परतणार होतो, तेव्हा जे तिथं राहणार आहेत त्यांच्या हाताखाली काम करायचं, हे तुम्ही परतीच्या गाडीत ठरवून टाकलंत.

गोरखपूरची गाडी, मग सीमेवरचं सुनौली, मग काठमांडूची रात्रभराची बस. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून नेपाळ परदेश वाटत नाही, पण कायदा त्यांचा आहे. 2015 च्या राज्यघटनेनं धर्मांतर घडवून आणायला मनाई केली आहे आणि 2018 पासूनच्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही तर म्हणालात, कायदा नसता तरी मी मुलांपुढे साक्ष देऊ दिली नसती, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल बोलू दिलं नसतं, कारण जे मूल तुमच्या हातून जेवतं ते तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. हे वाक्य मी माझ्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. उपासनेला आम्ही तिथल्या मंडळीत पाहुणे म्हणून बसलो. ती शनिवारी भरते, कारण सुट्टीचा वार तो. त्यांचं बायबलही देवनागरीत, त्यामुळे बोट ठेवून वाचता आलं. “जयमसीह” म्हणून प्रत्येकानं हात जोडले.

मुलं शाळेत असताना आम्ही स्वयंपाकघर रंगवलं, गोदड्या धुतल्या, तांदूळ निवडले. सकाळी एक मुलगी फणी आणि लाल फिती घेऊन आमच्यातल्या एकीसमोर येऊन उभी राहिली. बाई, तिनं त्या मुलीचा हात धरला आणि तिला सांभाळणाऱ्या बाईंकडे, ज्यांना मुलं आमा (आई) म्हणतात, नेऊन बसवलं. आमांनी दोन घट्ट वेण्या घातल्या, फिती बांधल्या, पाठीवर थाप दिली. पोरगी पळाली बससाठी. त्या क्षणी मला तुमच्या मावशी आठवल्या आणि डोळे भरून आले.

आणखी एक सांगायचं राहिलं. एका मुलाची आई गावाहून भेटायला आली होती, फडक्यात भाजलेला मका आणि सोयाबीन बांधून. तुमच्या नियमाप्रमाणे आम्ही सगळे गच्चीवर गेलो, अंगण त्यांच्यासाठी मोकळं सोडलं. वरून एवढंच दिसलं की तो तिला वहीतली पानं उलटून दाखवत होता आणि ती एकेक दाणा त्याच्या तोंडात घालत होती. दिदी म्हणाल्या, हे मूल लवकरच घरी जाईल. गावाकडची शाळा आणि बसभाडं एवढ्याचीच सोय लागत होती.

मंडळीच्या कमिटीपुढे आम्ही हे सगळं मांडलं. पुढच्या ट्रिपसाठी बाजूला काढलेल्या पैशांतला मोठा वाटा आता पालकांच्या भेटींच्या बसभाड्याला आणि आमांच्या मदतनिसाच्या पगाराला जाणार आहे. पाळकसाहेबांनी दिदींशी बोलून हिशेबाचंही ठरवलंय.

बाकीच्या पैशांत दिवाळीनंतर आमच्या संघातल्या नवीन तरुणांची एक छोटी तुकडी जाईल. त्यांची तयारी तुम्हीच घ्याल ना? गुडघ्याचा त्रास वाढला असेल तर आम्ही तुमच्या घरी येऊ. सतरंज्या आमच्या, चहाचं मी बघते.

तुमची,
तरुण संघातली एक