तराफ्यावरची झाडं कापणार कोण?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तळ्याचं पाणी शुद्ध करण्यासाठी सोडलेल्या, झाडं लावलेल्या तरंगत्या तराफ्याची बातमी वाचली. मुलांनी मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘झाडं घाण पाणी पिऊन शुद्ध करतात’ असं छापणं बरोबर नाही. पाण्यात लोंबणाऱ्या मुळांवर जिवाणूंचा थर बसतो आणि बरीचशी घाण तो थर खातो. बातमीदाराने मुलांनाच विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

आमच्या वसाहतीमागच्या तळ्यात काही वर्षांपूर्वी असाच तराफा सोडला होता. पीव्हीसी पाइपची चौकट, त्यावर जाळी, काथ्यात रोवलेला वाळा आणि कर्दळ. मांडव घालून उद्घाटन झालं, कर्दळ फुलली, लोक फोटो काढायला येऊ लागले. पावसाळ्यात नाल्याला लोंढा आला, एका बाजूचा दोर तुटला आणि तराफा सांडव्यापाशी जाऊन अडकला. कॉलेजात फोन केला तर म्हणे, ‘ती बॅच पास आउट झाली.’ पालिकेत गेलो तर म्हणे, तराफा कॉलेजचा. वाढलेली झाडं शेवटपर्यंत कोणी कापली नाहीत. पानं, देठ तिथेच पडून कुजले आणि झाडांनी महिनोन्महिने ओढून घेतलेला नायट्रोजन-फॉस्फरस परत तळ्यात गेला. दुर्गंधी आम्ही सोसली.

म्हणून विचारतो, या नव्या डिझाइनमध्ये कापणी धरली आहे का? कोण कापणार, कधी कापणार, पाला कुठे नेणार? दोर केवढ्या लोंढ्याला टिकेल?

बातमीतला ‘९० टक्के शुद्ध’ हा आकडा तर कॉलेजच्या टाकीतला दिसतो. टाकीत पाणी निवांत उभं असतं. तळ्यात नाला रात्रंदिवस येतो. शिवाय सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २५० मिलिग्रॅम धरली, तर ९० टक्के जाऊनही २५ उरते. अंघोळीच्या पाण्याला ती ३ च्या आत लागते. टक्के छापू नका, किती उरलं ते छापा.

हैदराबादच्या नेकनामपूर तलावात २०१८ मध्ये ३,००० चौरस फुटांचा तराफा सोडला, तेव्हा त्या तलावावर आधीपासून काम करणारी संस्था मागे उभी होती. आपल्याकडे प्रकल्प सत्रापुरता असतो. यात मुलांचा काय दोष? त्यांना मार्क मिळवायचे असतात. प्राध्यापकांनी तराफा पुढच्या बॅचच्या हवाली करावा आणि काही मार्क पावसाळ्यानंतरच्या पाहणीसाठी राखून ठेवावेत, एवढं तर जमण्यासारखं आहे.

आणखी एक. फोटोखाली सगळ्या पाहुण्यांची नावं पदांसकट आहेत, पण तराफा बांधणाऱ्या एकाही मुलामुलीचं नाव नाही. उद्याच्या अंकात ती छापावीत, ही विनंती.

आपला,
पाणीपुरवठा विभागातील एक निवृत्त अभियंता