खोक्यावर २३० अंश, कोपऱ्यात १३५: इलेक्ट्रिक ग्रिलच्या बदललेल्या प्लेटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय.

विषय: २००० वॅटच्या घरगुती इलेक्ट्रिक ग्रिलची प्लेट बदलून मिळणे किंवा पूर्ण रक्कम परत मिळणे, आणि सोबतच्या पाककृती पुस्तिकेतील चुकीच्या वेळा दुरुस्त करणे.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचं इलेक्ट्रिक ग्रिल मी गेल्या दिवाळीत सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातून घेतलं. ग्रिल चालू होतं, लाल दिवा लागतो, थोड्या वेळानं विझतो, आणि वर ठेवलेली कोंबडी भाजायच्या ऐवजी आपल्याच पाण्यात उकडत बसते. याबद्दल हेल्पलाइनला फोन झाले, ईमेल झाले, आपला तंत्रज्ञ घरी येऊन चहा पिऊन गेला. शेवटी आपलं एका ओळीचं उत्तर आलं: 'उपकरण सामान्यपणे कार्यरत असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' तक्रार आपण बंद केलीत. ग्रिल तसंच आहे, म्हणून हे पत्र.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात वायरमन होतो. यंत्रमागाच्या मोटारी, पॅनेल, डाइंगकडचे हीटर यांच्यातच नोकरी गेली. टाँगटेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, अजून घरात आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण हेल्पलाइनवरच्या मुलीचा मला पहिला प्रश्न होता, 'सर, प्लग नीट लावलाय का?' तिचा दोष नाही, तिच्यापुढं तसा कागद ठेवला असेल. पण तिसऱ्या फोनलाही तोच प्रश्न आला तेव्हा मला कळलं की आधीचं कुणी लिहूनच घेत नाही.

ग्रिल घेताना मी घाई केलेली नाही. आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो. गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवली की वरच्या मजल्यावरून निरोप येतो, तेव्हा वीजच हवी हे ठरलेलं. दोन्हीकडून दाबणारं सँडविचछाप ग्रिल पाहिलं. पनीर-ब्रेडला ते उत्तम, पण हाडाच्या कोंबडीवर झाकण टेकत नाही आणि मासा चेपून त्याचा चिवडा होतो. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, पाहिला. तो तापायला वेळ घेतो आणि सगळं स्वयंपाकघर तापवतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं असताना सोलापुरात ती हौस कुणाला? उरलं ते उघडं ग्रिल: वर रेघांची प्लेट, खाली कॉइल, त्याखाली पाण्याचा ट्रे. चरबी गरम कॉइलवर पडली की धूर होतो. ती भोकातून खाली पाण्यात गेली तर धूर कमी, ही त्यातली साधी युक्ती मला पटली. कोळशाचा वास विजेवर येणार नाही हे घरच्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. हुरडा तर यावर भाजायचा विचारही नव्हता, हुरड्याला आगटीच पाहिजे. मला एवढंच हवं होतं की कणीस, वांग्याचे काप, पनीर, उजनीची चिलापी आणि कोंबडीचे तुकडे घरात नीट भाजले जावेत.

दुकानात मी सगळ्यात आधी प्लेट उचलून पाहिली. असल्या ग्रिलमध्ये वॅट सगळेच छापतात, प्लेट किती जड आहे ते कुणी छापत नाही, आणि खरं काम प्लेटच करते. पातळ तव्यावर भाकरी टाकली की मधे करपते आणि कडेला कच्ची राहते, तोच हिशेब इथंही आहे. जाड ओतीव ॲल्युमिनियमची प्लेट उष्णता कोपऱ्यापर्यंत नेते, आणि थंड मांस पडलं तरी एकदम गारठत नाही. डेमोच्या पिसाची प्लेट जाड होती, हाताला वजन लागत होतं. ते पाहून मी पैसे मोजले. घरी आला तो बंद खोका.

पहिल्यांदा कणीस लावलं. मधल्या भागाला डाग पडले, टोकं पांढरी राहिली. कणीस लांबोडकं असतं म्हणून सोडून दिलं. मग पनीर. ते पिळून, कोरडं करून, चक्क्यात मुरवून, तुकड्यांत अंतर ठेवून लावलं. मधल्या तुकड्यांना रेघा आल्या, कडेच्यांनी पाणी सोडलं. चिलापीचं तेच: अर्धी खरपूस आणि शेपटीकडं कालवणातल्यासारखी. आमच्या सौ.नी ती उचलून सरळ तव्यावर टाकली, तिथं ती बघता बघता झाली. यात गूढ काही नाही. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या पुढं जात नाही, आणि तांबूस रंग व भाजल्याचा वास धरायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. प्लेट ते पाणी झपाट्यानं उडवू शकली नाही, तर खाली फक्त वाफ तयार होते.

मग मी मोजायला बसलो. ग्रिल १६ अँपियरच्या पॉवर पॉइंटवर होतं, मधे एक्स्टेन्शन बोर्ड नव्हता. सॉकेटला ग्रिल चालू असताना २२८ व्होल्ट, टाँगटेस्टरवर ८.६ अँपियर. गुणाकार केला तर १९६० वॅट. म्हणजे कॉइल आपल्या बोलीप्रमाणे काम करते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. डाइंगमधल्या जुन्या सहकाऱ्याकडून लेझरचा थर्मामीटर आणला. नॉब शेवटपर्यंत फिरवून, प्लेट रिकामी ठेवून, लाल दिवा पहिल्यांदा विझला तेव्हा मधे २२५ अंश आणि चारही कोपऱ्यांत १३५ च्या आसपास. कोंबडीचे तुकडे ठेवल्यावर कोपरे १०० च्याही खाली गेले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, '२३० अंशांपर्यंत, संपूर्ण प्लेटवर समान उष्णता'.

आपला तंत्रज्ञ आला तेव्हा हे आकडे मी कागदावर लिहून त्याच्यापुढं ठेवले. त्यानं कागदाचा फोटो काढला, ग्रिलचा फोटो काढला आणि म्हणाला, 'काका, तुमच्या सोलापूरला व्होल्टेजच कमी असतं.' व्होल्टेज पडलं की हीटर मार खातो, हे खरं आहे. तेही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात: २३० व्होल्टवर २००० वॅट देणारी कॉइल २०० व्होल्टवर जेमतेम १५१२ वॅट देते, १९० वर १३६५. पण मीटर त्याच्या डोळ्यांसमोर २२८ दाखवत होता. आणि समजा व्होल्टेज पडलं असतं, तरी सगळी प्लेट सारखीच थोडी कमी तापली असती. फक्त कोपरे गार पडायला व्होल्टेज काय कोपरे बघून येतं? यावर तो हसला आणि म्हणाला, 'याच्यात असंच असतं.' आपल्या एका ओळीच्या उत्तराचा उगम बहुधा हाच.

खरी गोष्ट त्यानंतर कळली, आणि ती आपल्या माणसानं नाही, दुकानदारानं दाखवली. माझी कटकट ऐकून त्यानं डेमोच्या पिसाची प्लेट काढून दिली आणि म्हणाला, घरी लावून बघा. वाण्याच्या काट्यावर दोन्ही प्लेटा ठेवल्या. डेमोची २ किलो १०० ग्रॅम. माझ्या खोक्यातली १ किलो ३०० ग्रॅम. मॉडेल नंबर तोच, खोक्यावरचं चित्र तेच, किंमत उलट थोडी वाढलेली. डेमोची प्लेट माझ्या ग्रिलवर बसवली, तीच कॉइल, तापमान बघून कॉइल चालू-बंद करणारा तोच थर्मोस्टॅट, तोच सॉकेट. मधे २२० अंश, कोपऱ्यांत १९०. त्या संध्याकाळी कोंबडी पहिल्यांदा भाजली गेली, रेघा आल्या, कडेचा तुकडा आणि मधला तुकडा ओळखू येईना. प्लेट दुसऱ्या दिवशी दुकानदाराला परत केली. त्याचा यात काही दोष नाही, म्हणून हे पत्र त्याच्याविरुद्ध नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण प्लेट पातळ केलीत आणि बाकी काहीच बदललं नाही. थर्मोस्टॅटचं टोक प्लेटच्या मध्याखाली, कॉइलच्या अगदी जवळ टेकतं. जाड प्लेटमध्ये उष्णता कडेला पसरायला वेळ मिळतो, म्हणून थर्मोस्टॅट कॉइल पुरेशी चालू ठेवतो. पातळ प्लेटमध्ये मध्य झटकन तापतो, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, तो कॉइल तोडतो आणि कोपरे तसेच राहतात. प्लेट बदलली तर सेन्सरची जागा बदलायला हवी, किंवा कॉइलचा वेढा कडेपर्यंत न्यायला हवा. धातू वाचवण्याची घाई झाली आणि हे कुणी बघितलं नाही, किंवा बघितलं आणि सोडून दिलं. दोन्हीतलं काय झालं हे आपल्यालाच ठाऊक.

नुसती चव बिघडली असती तर मी इतकं लांबण लावलं नसतं. पण खोक्यासोबतच्या पाककृती पुस्तिकेत 'तंगडी कबाब, १४ मिनिटे, मधे एकदा उलटावे' असं छापलंय. त्या वेळेनं काढलेल्या कडेच्या तंगडीत हाडालगत सळईचा थर्मामीटर घातला तर ५८ अंश. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत गेली पाहिजे, तरच तिच्यातले साल्मोनेलासारखे जंतू मरतात. वरून मसाल्याचा लाल रंग असल्यामुळं कच्ची आहे हे दिसतही नाही. आमच्याकडं सहा वर्षांचा नातू त्याच ताटात जेवतो. सूनबाईंनी कापून पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर पुस्तिकेवर विसंबून आम्ही ती वाढली असती. पुस्तिकेतल्या वेळा कदाचित जुन्या प्लेटवर बरोबर असतील. आज बाजारात जाणाऱ्या खोक्यात त्या चुकीच्या आहेत, आणि माझ्यासारखा मीटर घेऊन बसणारा माणूस प्रत्येक घरात नसतो.

धुराबद्दल थोडक्यात. 'धूररहित' हा दावाही प्लेटमुळंच अडचणीत येतो. नव्या प्लेटचा उतार चरबीच्या भोकाकडं नाही. ओटा स्पिरिट लेव्हलनं सपाट आहे हे पाहिलंय. तेल समोरच्या कोपऱ्यात साचतं, थोडं कडेवरून कॉइलवर ओघळतं आणि मग जे व्हायचं ते होतं. ट्रेमध्ये पाणी भरून काय उपयोग, तेल तिथं पोचतच नाही. वायर आखूड आहे म्हणून काही लोक तक्रार करतात, माझी तशी नाही. गरम उपकरणाची वायर ओट्यावरून लोंबू नये, ते आपण बरोबर केलंय.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ प्रमाणं योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसेल तर उत्पादकाची जबाबदारी येते. जाहिरातीत सांगितलेला गुण वस्तूत नसणं याला दिशाभूल म्हणतात, तेही त्याच कायद्यात आहे. ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यामुळं मला आपल्या मुख्य कार्यालयाच्या गावी खेटे घालायचे नाहीत, सोलापुरातच काम होईल. पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फीही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी अजून फोन केलेला नाही, आधी आपल्याला लिहावं असं वाटलं.

मला हवं ते असं. २ किलो १०० ग्रॅमची जुनी प्लेट, किंवा आपल्या कारखान्यात कोपऱ्यांचं तापमान मोजून पास झालेली नवी प्लेट, मला घरपोच मिळावी. ती नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी आणि ग्रिल आपल्या खर्चानं न्यावं. पुण्याच्या सेवा केंद्राला मी स्वतःच्या पैशानं पार्सल करावं ही हेल्पलाइनची सूचना मला मान्य नाही. पुस्तिकेतल्या मांसाच्या वेळा तपासून, आतलं तापमान ७४ अंश झाल्याची खात्री करा हे वाक्य त्यात छापावं, आणि ज्यांनी वॉरंटीसाठी नंबर नोंदवलेत त्यांना तसा संदेश पाठवावा. तक्रार बंद करण्याआधी ग्राहकाला एकदा विचारावं, ही अट कुठल्या कायद्यात नसेल, पण पाळायला हरकत नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं, नंतर मी आयोगाकडं जाईन.

ग्रिल धुऊन, कोरडं करून मूळ खोक्यात थर्माकोलसकट ठेवलं आहे. प्लेटच्या कोटिंगला लाकडी उलथन्याशिवाय काही लागलेलं नाही, तेव्हा 'कोटिंग वॉरंटीत येत नाही' हे उत्तर कृपया पाठवू नये. माणूस पाठवणार असाल तर वजनकाटा आणि थर्मामीटर देऊन पाठवा. ते नसतील तर माझे आहेत. दुपारी एक ते चार सोडून कधीही यावं, येण्याआधी फोन करावा.

आपला,
एक ग्राहक, जुळे सोलापूर
(नाव, पत्ता व दूरध्वनी बिलाच्या प्रतीवर)

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, दोन्ही प्लेटा काट्यावर असतानाची छायाचित्रे, तापमानाच्या नोंदींचा कागद, आपल्या तंत्रज्ञाच्या भेटीची पावती, पाककृती पुस्तिकेतील तंगडी कबाबच्या पानाची प्रत.