विषय: विंडोज ११ ला चालतं म्हणून दिलेलं यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर चालत नाही

नमस्कार,

मी गावात दूध संकलन केंद्र चालवतो. जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नवा लॅपटॉप घेतला, त्याला ते नऊ पिनचं सिरीयल पोर्ट नाही आणि आमचा वजनकाटा नि फॅट मशीन दोन्ही त्याच्यावरच चालतात, म्हणून तुमच्याकडून दोन कन्व्हर्टर मागवले. बॉक्सवर ठळक लिहिलंय विंडोज ११ सपोर्ट. आत ड्रायव्हरची सीडी आहे आणि लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, ते जाऊ दे.

लावलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि नावाच्या जागी चक्क वाक्य: पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज काँटॅक्ट युवर सप्लायर. म्हणजे आतली चिप २०१२ लाच बंद झालेली, नाहीतर तिची नक्कल, आणि नवा ड्रायव्हर तिला ओळखून चालूच होऊ देत नाही. सप्लायर तुम्ही, म्हणून हे पत्र.

हेल्पलाइनवाले म्हणतात दुसऱ्या पोर्टला लावा, काट्याचा बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, बघा. अहो ९६०० च आहे, आठ बिट, पॅरिटी नन, स्टॉप बिट एक, जुन्या कॉम्प्युटरला हेच होतं, आणि इथे पोर्टच उघडत नाही तर बॉड रेट बघून काय करू?

भाच्याने जुना ड्रायव्हर टाकून दिला तेव्हा पोर्टचा नंबर कॉम ७ दिसला, आमच्या डेअरीच्या सॉफ्टवेअरला ४ च्या पुढचं कळत नाही म्हणून पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ३ केला. आधी काटा न लावता २ नि ३ नंबरच्या पिना तारेने जोडून पुटी नावाच्या सिरीयल पोर्ट तपासायच्या प्रोग्राममध्ये टाइप करून बघितलं, अक्षरं परत आली, म्हणजे पोर्ट चालू, मग काटा लावला तर वजनही आलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री विंडोज अपडेट झालं, ड्रायव्हर परत नवा, आणि पहाटे साडेपाचला लोक किटल्या घेऊन रांगेत, मी वहीत हाताने लिटर लिहितोय. एक आजोबा म्हणाले, लॅपटॉप कशाला घेतला मग?

त्याच लॉटमधला पीस बदलून देतो म्हणताय, तो नको. सध्या चालू असलेल्या चिपचे दोन द्या नाहीतर पैसे परत करा. बिल आणि स्क्रीनचा फोटो जोडलाय. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो.

तुमचा एक ग्राहक