बाबा, माझ्यापासून लपवू नका

डब्लिन, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

ओटीवरून उतरताना बाबांना चक्कर आली, कपाळाला चार टाके पडले आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंच्या तोंडून. ‘पोर लांब आहे, उगाच जिवाला घोर कशाला,’ असं तुम्ही त्यांना म्हणालात म्हणे. बाबा, मी रागावले नाही. रडले मात्र खूप.

म्हणून माझ्याकडचं आधी सांगून टाकते. इथली नोकरी मी अजून दोन वर्षांसाठी पक्की केली, सही झाली. चिनूचं शाळेचं महत्त्वाचं वर्ष आहे, घराचे हप्ते आहेत, हॉस्पिटलातल्या वॉर्डाची जबाबदारी आत्ता कुठे हाती आली आहे. तुमच्यापासून लांब राहायची हौस नाही गं, आई. डिसेंबरात वीस दिवस येते आहे, तिकीट काढलंय.

वॉर्डात नव्वदीला टेकलेल्या एक आजी आहेत. त्यांचे वडील बोटीवर आगवाला, बॉयलरची भट्टी सांभाळायचे. अगदी आपल्या आजोबांचंच काम. बोटीचं नाव ‘आयरिश पाइन’. आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता. बोटीच्या दोन्ही अंगांना देशाचं नाव आणि झेंडा मोठा रंगवलेला असे, रात्री दिवे लावून चालत, कुणी शत्रूची समजून मारू नये म्हणून. देशात चहा माणशी आठवड्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम चौदा ग्रॅम. आई, तुझ्या एका दिवसाला पुरला नसता! वडील परदेशातून येताना कोटाच्या खिशात चहाची पुडी आणत. ती सोडताना घरभर वास सुटायचा, हे सांगताना आजी डोळे मिटतात.

16 नोव्हेंबर 1942 ला जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारून ती बोट अटलांटिकमध्ये बुडवली. 33 माणसं होती, एकही वाचलं नाही. घरी कळलं ते एवढंच, की बोट पोचली नाही. आजींच्या आईने शेवटच्या पुडीतला चमचाभर चहा डब्यात राखून ठेवला होता, ‘ते येतील तेव्हा करू’ म्हणून. कितीतरी वर्षं.

मला आपली आजी दिसली. आजोबा त्याच युद्धात बोटीवरून परतले नाहीत तेव्हा तुम्ही पोटात होतात बाबा, आणि दाभोळला पोस्टमन आला की ती पायरीवर जाऊन उभी राहायची. कुंकू तिने कधी पुसलंच नाही. नक्की काय झालं ते कुणी सांगितलंच नाही तर माणसाने पुसायचं तरी कशाच्या जोरावर? तुमच्या पडण्याचं कळलं तेव्हा मी त्याच पायरीवर उभी होते. वाईट बातमी मला झेपते, बाबा. न कळलेली झेपत नाही.

इथे लिफी नदीकाठी ‘सिटी की’ नावाच्या धक्क्यावर या खलाशांचं स्मारक आहे, बोटींची आणि माणसांची नावं कोरलेली. आज आजींना व्हीलचेअरवरून घेऊन गेले. त्यांनी वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं. लहानपणी मी तुमच्या हातावरच्या शिरांवरून फिरवायचे, तसं.

आता ऐका. रात्री बॅटरी घेतल्याशिवाय अंगणात उतरायचं नाही. विहिरीवर तर अजिबात नाही, कमळाताई दोन्ही वेळा पाणी भरतील, त्यांना पैसे पाठवलेत. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला सुतार गुरुवारी येईल, त्याला परत पाठवू नका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच. आई, गुडघ्याला तेल रोज लाव आणि माळ्यावर चढू नकोस, चकल्यांचा सोऱ्या मी आल्यावर काढेन. आणि काहीही झालं, ओरखडा उठला तरी, त्याच दिवशी फोन. इथे रात्र असली तरी.

चिनूचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, आजोबांच्या ट्रंकेवर रंगवलेलं नाव नीट वाचता येईल असा फोटो पाठवा. मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये त्या युद्धातल्या आपल्या खलाशांच्या नावांची वही आहे. डिसेंबरात मी तुम्हाला तिथे घेऊन जाणार आहे. टॅक्सीने. सावकाश.