विंचवाची गाडी घ्यावी का? : मित्रास पत्र

पुणे,
१२ डिसेंबर २०२५

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

चिपळूणजवळ एक अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्या पुंटोची विंचवाचे बोधचिन्ह असलेली अधिक ताकदीची आवृत्ती, विकायला निघाली आहे, ती घ्यावी की नाही, असे तू विचारले आहेस. आणि माझ्याकडे ती गाडी इतकी वर्षे आहे म्हणून मनात काही न ठेवता लिही, अशी अटही घातली आहेस. फोनवर मी "घे" एवढेच म्हणालो असतो, पण ते उत्तर तुझ्या कामाचे नव्हते. ही गाडी कोणालाही सुचवावी अशी नाही. ज्याला तिचे वळण समजते तो तिला सोडत नाही, आणि ज्याने केवळ आकडे पाहून घेतली तो फार काळ ठेवत नाही. तू कोणत्या बाजूचा आहेस हे तूच ठरवू शकतोस, म्हणून मला जे माहीत आहे ते सगळे लिहितो.

आधी आकड्यांविषयी, कारण जाहिरातीत तेच असतात. १३६८ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, त्यावर टर्बो, ताकद १४५ बीएचपी आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, २१२ न्यूटन मीटर. लांबी चार मीटरच्या आत आणि वजन सुमारे बाराशे किलो. शून्यावरून शंभरचा वेग गाठायला ८.८ सेकंद लागतात, असे कंपनीने सांगितले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती आली तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार होती, आणि त्या किमतीत एवढ्या ताकदीची दुसरी हॅचबॅक आपल्याकडे मिळत नव्हती. हे सगळे खरे आहे. तरीही गाडी निवडताना यातला एकच आकडा महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि तो १४५ नाही. तो आकडा म्हणजे २०००. तिचा पूर्ण टॉर्क २००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर, हाती येतो आणि ४००० पर्यंत तसाच राहतो. या गाडीचा सारा स्वभाव या पट्ट्यात आहे.

कुंभार्ली घाटाचे उदाहरण घेऊन सांगतो, कारण तुझा रस्ता तोच आहे. चिपळूण सोडून पाटण-कऱ्हाडकडे चढू लागलास की पुढे एखादा उसाचा किंवा वाळूचा ट्रक रांगत असतो आणि मागे गाड्यांची रांग साचते. दोन वळणांच्या मधे जो छोटा सरळ तुकडा मिळतो तेवढ्यातच पुढे जायचे असते. साध्या पेट्रोल गाडीत तू दुसरा गिअर टाकतोस, इंजिन ओरडायला लागते आणि तरीही मन कचरते. या गाडीत तू तिसऱ्यावर आहेस, काटा अडीच हजारांवर आहे, आणि तू पाय दाबतोस. एक क्षण काही होत नाही, मग छातीवर कोणी तळहात ठेवून मागे रेटावे तसा जोर येतो आणि ट्रक मागे पडतो. ते काम इतक्या कमी अंतरात होते की समोरून येणाऱ्याला दिवाही मारावा लागत नाही. छोट्या टर्बो गाडीचे मोल मी यात मोजतो. एक्सप्रेस वेवर तिने किती वेग गाठला याला माझ्या लेखी किंमत नाही, कारण तो वेग तिथे कायद्याने आणि शहाणपणाने दोन्हींनी वर्ज्य आहे.

पण तो जो "एक क्षण" मी वर लिहिला, तो नीट समजून घे. टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चाके: एक सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूने फिरते, दुसरे त्याच दांड्याच्या जोरावर बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जाळता येते, आणि छोट्या इंजिनाकडून मोठे काम होते. इंजिन हळू फिरत असेल तर वायूचा झोत क्षीण असतो, चाक मंद फिरते, आणि जोर यायला वेळ लागतो. या गाडीत २००० च्या खाली ती मरगळ स्पष्ट जाणवते. घाटातल्या अगदी आवळलेल्या वळणावर, जिथे गाडी जवळजवळ थांबते, तिथे तिसऱ्यावर राहिलास तर ती दमलेली वाटेल. दुसरा टाकलाच पाहिजे. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे इंजिन यापेक्षा लहान, ११९७ सीसीचे, आणि ताकद १०५ पीएस (हे बीएचपीसारखेच ताकदीचे माप), पण तिचा १७५ न्यूटन मीटर टॉर्क १५०० आरपीएमलाच येतो. त्यात सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता मला कोणी विचारले तर पोलो अधिक शहाणी गाडी आहे, हे मी बिनदिक्कत मान्य करतो. तो ५०० आरपीएमचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो आणि सिग्नलला प्रत्येक वेळी जाणवतो.

मग मी पुंटोच का ठेवली? स्टीअरिंगसाठी. आज बहुतेक छोट्या गाड्यांचे स्टीअरिंग विजेच्या मोटरवर चालते. हलके असते, पार्किंगला सोयीचे असते, पण रस्ता हाताला काही सांगत नाही. पुंटोचे स्टीअरिंग जुन्या पद्धतीचे, हायड्रॉलिक आहे. ते जड आहे, आणि अरुंद बोळात गाडी वळवताना खांद्याला कळते. परंतु वेगात वळण घेताना पुढची चाके किती पकडून आहेत, खडी कुठे सुरू झाली, ओल कुठे आहे, हे सारे हातात येते. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि घाट उतरताना त्यांचा भरवसा वाटतो. गाडी उभी राहते तीच मुळी रस्त्याला चिकटल्यासारखी. ही जाण देणारी दुसरी गाडी या किमतीत आपल्याकडे मला अजून मिळालेली नाही, आणि म्हणून तिच्या इतर उणिवा मी सोसतो.

उणिवाही पुष्कळ आहेत. गिअर पाचच आहेत, आणि लिव्हरची हालचाल लांब व थोडी रबरी आहे; एवढ्या चांगल्या इंजिनाला याहून नेटका गिअरबॉक्स हवा होता. क्लच जड आहे. पायाशी जागा चिंचोळी आहे, डावा पाय टेकवायला धड जागा नाही, आणि लांबच्या प्रवासात हे फार खुपते. समोरच्या काचेशेजारचा खांब जाड असल्यामुळे उजव्या वळणावर मान पुढे काढून पाहावे लागते. सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर जाते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना घाईने पाय दाबलास तर स्टीअरिंग हातातून ओढले जाते. वळणात घसरणाऱ्या गाडीला आपणहून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यात नाही. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारे एबीएस आणि दोन एअरबॅग आहेत, बस्स. कोकणातल्या पावसात, शेवाळलेल्या डांबरावर, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तिथे टायर चांगले असणे हीच खरी सुरक्षितता आहे, आणि त्या खर्चात मी कधीही काटकसर करत नाही.

मागच्या सीटविषयी काकूंना आधी विचार. गाडीची उंची साध्या पुंटोपेक्षा कमी केलेली आहे, जमिनीपासून अंतर १५५ मिलिमीटर, आणि स्प्रिंगा कडक आहेत. तुमच्या गावाकडच्या गतिरोधकांवर चौघे बसलेले असतील तर ती तिरकी घ्यावी लागेल आणि तरीही एखाद्या ठिकाणी खाली घासेल. काकूंच्या कंबरेला हे मानवणार नाही. घरात ही एकच गाडी राहणार असेल तर माझे मत सरळ नकाराचे आहे. वहिनींची दुसरी गाडी राहणार असेल, तर पुढचे वाच.

ही गाडी आपल्या मातीतली आहे याचे मला फार अप्रूप वाटते. कार्लो अबार्थ हा १९०८ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला माणूस. त्याने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली, छोट्या फियाटसाठी सायलेन्सर आणि ताकद वाढवण्याचे सामान विकले, आणि ५०० व ६०० या अगदी सामान्य माणसांच्या गाड्यांतून शर्यतीच्या गाड्या उभ्या केल्या. त्याची रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचू. १९७१ मध्ये ती कंपनी फियाटकडे गेली. आपल्याकडच्या पुंटोवर तो विंचू बसला तो मात्र इथल्या रांजणगावात, महागणपतीच्या गावी, नगर रस्त्यावरच्या कारखान्यात. पोलो चाकणची आणि टाटांची २०२४ ची अल्ट्रोझ रेसरही पुण्यातलीच; म्हणजे देशातल्या छोट्या चपळ टर्बो गाड्यांपैकी तीन एकाच जिल्ह्यात जन्मल्या. इथल्या कामगारांच्या हातचे हे काम आहे आणि त्याची नोंद कोणी फारशी घेतलेली मी पाहिली नाही.

अशी गाडी पुन्हा का निघत नाही, हेही तू विचारले होतेस. मोठे कारण कराचे आहे. आपल्याकडे छोटी पेट्रोल गाडी कोणती, हे दोन मापांवर ठरते: लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, आणि कोणतेही एक माप ओलांडले की ४० टक्के. पुंटोची लांबी मापात बसत होती, पण १३६८ सीसीचे इंजिन बसत नव्हते, आणि उत्पादन शुल्काच्या काळातही त्या १६८ सीसीचा भुर्दंड पडतच होता. म्हणून आता अशा गाड्यांत हजार किंवा बाराशे सीसीची तीन सिलिंडरची इंजिने येतात. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनमध्ये ९९८ सीसीतून १२० पीएस काढले आहेत, अल्ट्रोझ रेसरमध्येही १२०. इंजिनिअरिंग म्हणून ते कौतुकास्पद आहे, आणि नवी गाडी घ्यायची तर मी तुला आय-२० एन लाइन चालवून पाहा म्हणेन. चार सिलिंडरची ती गुळगुळीत चढण मात्र या तीन सिलिंडरच्या इंजिनांत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि तोपर्यंत पुंटोचा प्रवास संपला होता. जेवढ्या आहेत तेवढ्याच आहेत.

म्हणूनच खरा प्रश्न सांभाळण्याचा आहे. साध्या पुंटोचे सामान, म्हणजे बॉनेट, दरवाजे, काचा, अजून धडपड करून मिळते. या इंजिनाचे स्वतःचे सामान, टर्बो, त्याचे पाइप, काही सेन्सर, शोधावे लागतात, वाट पाहावी लागते, आणि कधी जुन्या लिनिया टी-जेटकडे वळावे लागते, कारण इंजिनाचे घराणे तेच आहे. चिपळूणचा तुझा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी मोठ्या कामाला तुला पुण्याला किंवा कोल्हापूरला यावे लागेल, हे धरूनच चाल. तेल वेळेआधी बदल आणि चांगल्या प्रतीचेच घाल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला तेलाच्या पातळ थराखेरीज आधार नाही. घाट चढून आलास की लगेच किल्ली फिरवू नकोस, मिनिटभर इंजिन सावकाश चालू दे, म्हणजे तापलेल्या टर्बोतले तेल जागेवर जळून काजळत नाही.

पेट्रोलचीही एक गोष्ट आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते आणि ही गाडी त्या मिश्रणासाठी आखलेली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते; त्याहून अधिक लक्ष इंधनाच्या रबरी नळ्यांकडे हवे. माझी गाडी शहरात दहाच्या आसपास देते आणि हलक्या पायाने मोकळ्या रस्त्यावर चौदा, कंपनीचा १६.३ हा आकडा मनातून काढून टाक. मी ९५ ऑक्टेनचे पेट्रोल घालतो, कारण टर्बो इंजिनात हवा आधीच दाबलेली असते, आणि कमी ऑक्टेनच्या पेट्रोलने, ते दाबाखाली अवेळी पेटून, ठोके येऊ लागले की इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करते. मग एवढी गाडी घेऊन उपयोग काय?

आता ती गाडी पाहायला जाशील तेव्हाचे. विकणाऱ्याला आधीच सांग की इंजिन थंड असू दे. तू पोहोचण्याआधी त्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर कारण विचार. थंड असताना सुरू करताना सायलेन्सरकडे कोणाला तरी उभे कर आणि निळसर धूर येतो का ते बघायला सांग. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, केव्हा बदलला याची पावती माग. किलोमीटर कमी झाले आहेत, हे उत्तर ऐकून घेऊ नकोस, बेल्टचे रबर वयानेही उतरते आणि तो तुटला तर इंजिन खोलावे लागते. ताकद वाढवण्यासाठी कोणी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार केला आहे का, हे स्पष्ट विचार. केला असेल तर ती गाडी सोडून दे, क्लच आणि टर्बोने किती सोसले आहे ते बाहेरून कळत नाही. खालून बघ, कारण कोकणातल्या हवेत लोखंड लवकर गंजते आणि ही गाडी खाली घासणारी आहे. आरसी बुक पाहा: पहिले पासिंग २०१६ चे असेल तर पंधरा वर्षांची मुदत २०३१ मध्ये भरेल आणि नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागेल, तेव्हा भाव करताना ते वर्ष डोळ्यांपुढे ठेव.

आणि चालवायला घेशील तेव्हा विकणाऱ्याला हायवेवर नेऊ देऊ नकोस. सरळ शिरगाव-पोफळीच्या बाजूला चल, चढण लागली की तिसऱ्यावर दोन हजारांच्या खाली ये आणि मग पाय दाब. त्या मरगळीचा तुला राग आला तर घरी परत ये; मी तुझ्यासाठी चांगली पोलो शोधतो. राग न येता तू दुसरा टाकून पुढच्या वळणाची वाट पाहू लागलास, तर मला तिथूनच फोन कर. येत्या रविवारी मी माझ्या मेकॅनिकला घेऊन येतो, तो गाडी जॅकवर उचलून बघेल, आणि त्याने होकार दिल्यावरच बयाणा दे.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार सांगणे.

तुझा,
श्रीधर