वाडा पाडण्याआधी खांबाचा पाय उघडून बघा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की पेठांतल्या जुन्या वाड्यांना नोटिसा येतात. २०२२च्या मे महिन्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यालाही आली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ची. त्या कलमात पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा, असं तिन्ही लिहिलेलं आहे. पण गल्लीत त्या कागदाचा अर्थ एकच होतो, वाडा गेला. आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

१२ जुलै १९६१ला पानशेतच्या पुरात वडिलांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलं, तेव्हा ते या वाड्यात दोन खणांच्या जागेत आले. माझा जन्म इथलाच. अकरा बिऱ्हाडं होती, आता चार उरलीत. मालक कोथरूडला राहायला गेले. आमच्यात कित्येक वर्षं वकिलांमार्फतच बोलणं होई. दोष कुणा एकाचा नाही. महिना ९५ रुपये भाडं देऊन आम्ही मालकांनी कौलं बदलावीत म्हणून हटून बसलो होतो. १९९९च्या भाडे कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आहे खरी, पण ९५चे चार टक्के म्हणजे चार रुपयेसुद्धा नाहीत. त्यात मालक दुरुस्ती कशातून करणार?

मार्ग निघाला तो कोजागरीला. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी ठरवलं की वाडा जायचाच असेल तर चौकात एकदा सगळ्यांनी बसून दूध पिऊ. चौकातल्या दुचाक्या बाहेर काढल्या, फरशी घासली, तुळशीपाशी रांगोळी आली. मालकांना फोन केला आणि त्यांच्या आईंना घेऊन ते खरंच आले. त्या आजी ओसरीवर बसल्या आणि आमच्या मुलांना माजघरातलं बळद दाखवत राहिल्या, वर्षाचं धान्य कसं भरायचे ते सांगत राहिल्या. रात्री साडेअकराला मालक म्हणाले, “दुरुस्तीचं एकदा विचारून तर बघू.” सतरा वर्षांत आमच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

एका सल्लागाराने तासाभरात “पाडा” सांगितलं होतं. आम्ही मग लाकूड-चुन्यात काम केलेला एक म्हातारा गवंडी शोधला. त्याने आधी १९८०च्या सुमाराचा सिमेंटचा गिलावा खरवडला. आतली भिंत मातीत रचलेल्या विटांची. सिमेंटमुळे तिची ओल बाहेर पडेना, ती सगळी लाकडात उतरली होती. पुढच्या खांबाच्या तळाशी त्याने माझं बोट टेकवलं, ते पेरभर आत गेलं. हातभर वर मात्र त्याच सागवानावर पटाशी लागत नव्हती. तळखड्यापासून, म्हणजे खांबाखालच्या दगडापासून, दीड फूट लाकूड काढून नवा तुकडा सांधला. असे सहा खांब, दोन तुळया, माडीवरचा थोडा कडीपाट, मागची एक भिंत. चुना चौकातच भिजत घातला होता. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी पडे. महिनाभर वाड्याला तो वास होता आणि शाळेतून आलेली पोरं दप्तर टाकून आधी चुना घोटायला जायची.

खर्च ९ लाख ६० हजार झाला. निम्मा मालकांचा, निम्मा चार बिऱ्हाडांचा. भाडं आम्ही आपण होऊन दीड हजार केलं, तसं लिहून दिलं. २०२३चा पावसाळा आम्ही वाड्यातच काढला.

त्यानंतर चैत्रगौरीचं हळदीकुंकू चौकातच होतं. पन्हं, आंब्याची डाळ, आसपासच्या सोसायट्यांतल्या बायकासुद्धा येतात. यंदा शेजारच्या वाड्यातल्या दोघी खांब बघायला म्हणून आल्या आणि गवंड्याचा नंबर घेऊन गेल्या.

प्रत्येक वाडा वाचेल असं मी म्हणत नाही. काही खरोखरच धोक्याचे आहेत आणि तिथे माणसांचा जीव आधी. परंतु धोकादायक इमारतींची जी वर्गवारी आहे तिच्यात सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होण्याजोगी, हाही वर्ग आहे. नोटिशीत तो ठळक लिहावा. लाकूड आणि चुना जाणणाऱ्या माणसाकडून तपासणी झाल्याशिवाय मातीच्या भिंतीला “पाडा”चा शिक्का बसू नये. अशा कारागिरांची यादी वॉर्ड ऑफिसात लावलेली असावी. आम्हाला आमचा गवंडी शोधायला तीन महिने लागले. मालक आणि बिऱ्हाडकरूंनी मिळून दुरुस्तीचा अर्ज केला तर परवानगी पावसाळ्याआधी हातात पडावी.

आमच्या गवंड्याचं वय सत्तरच्या पुढे आहे. त्याचा मुलगा रिक्षा चालवतो. सहा खांबांच्या कामात त्याच्या हाताखाली शिकायला एकही पोरगा मिळाला नाही.

– एक बिऱ्हाडकरू, सदाशिव पेठ, पुणे