किनाऱ्यावरच्या त्या पक्ष्याची चोच बांधू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात किनाऱ्यावर सापडलेल्या पक्ष्याचा फोटो आलेला, खाली लिहिलेलं 'जखमी समुद्री गरुड'. तो गरुड नाहीये, मास्क्ड बूबी नावाचा खोल समुद्रावरचा पक्षी आहे, आणि फोटोत त्याची चोच सुतळीने बांधलेली दिसली म्हणून राहवलं नाही, लिहायला बसलो.

आमच्याकडे दापोलीच्या बाजूला दर पावसाळ्यात, होड्या वर ओढून शाकारून झाल्या की एखाददुसरा असा पक्षी वाळूत बसलेला सापडतोच. लोक त्याला बदक म्हणतात, कोणी मोठा कुरव (सीगल) म्हणतो. ओळखायला खरंतर सोपा आहे. पंख पसरले की पाच फूट तरी भरतात, चोच लांब, सरळ, भाल्यासारखी, पूर्ण वाढलेला असेल तर अंग पांढरंशुभ्र, पंखांची मागची कड आणि शेपटी काळी, चोच पिवळी आणि तिच्या मुळाशी काळा मुखवटा घातल्यासारखा. पिल्लाचं डोकं तपकिरी असतं पण मानेवर पांढरी कॉलर दिसते, याच्याच जातभाई ब्राउन बूबीला ती नसते. आणि पाय बघा, कुरवाच्या पुढच्या तीनच बोटांना पडदा असतो, याच्या चारही बोटांना मिळून एकच.

हा पक्षी इथला नाहीच. अरबी समुद्रात याची वस्ती ओमानच्या हल्लानियात बेटांवर आहे, तिथे जमिनीवर अंडी घालतात आणि पायाच्या पडद्याखाली धरून उबवतात. बाकी आयुष्य खोल समुद्रावर, उंचावरून सूर मारून उडणारे मासे नि माकूल पकडायचे. नैऋत्येचा वारा सुटला की थकलेले पक्षी ढकलत ढकलत आपल्या किनाऱ्याला लागतात. बहुतेक वेळा जखम काहीच नसते, उपाशी आणि दमलेला असतो एवढंच. माणूस जवळ गेला तरी उठत नाही म्हणून तो माणसाळलेला वाटतो, पण बेटांवर माणसाची भीती त्याला माहीतच नसते, खलाशांनी त्यावरूनच त्याला बूबी म्हणजे येडा म्हणायला सुरुवात केली. मला ते नाव अजिबात आवडत नाही.

आता चोचीचं सांगतो. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात. एवढ्या वेगाने पाण्यात शिरतो त्यामुळे त्या बंदच असतात आणि तो श्वास घेतो चोचीच्या कोपऱ्यातून. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या पोरांनी असाच एक उचलून आणला, चावतो म्हणून मीच जाळ्याची दोरी आणून दिली आणि चोच घट्ट बांधली, टोपलीखाली ठेवला, सकाळी मेलेला होता. नाकपुड्यांचं मला नंतर कळलं, ते अजून मनातून जात नाही.

दुसरं म्हणजे परत समुद्रात सोडायची घाई. ज्याला लाटांनीच बाहेर टाकलंय त्याला पुन्हा त्याच उधाणात ढकलून काय होणार? कधीकधी फ्रिगेटबर्डही येतो, काळा, आकडी चोच आणि दुभंगलेली शेपटी, त्याची पिसं तर पाण्यात भिजतात, त्याला पाण्यात टाकणं म्हणजे बुडवणंच. चोच उघडून पाणी ओतू नका, मासाही कोंबू नका. जाड टॉवेल टाकून मागून उचला, तोंड त्याच्यापासून लांब ठेवा कारण तो थेट डोळ्यावर चोच मारतो, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या 1926 नंबरला फोन करा.

तुम्ही पावसाळ्यात भरती-ओहोटीच्या वेळा छापता, किनाऱ्यावरचं प्रत्येक घर ते पान बघतं. त्याच्याच खाली जून ते सप्टेंबर चार ओळींची चौकट द्या, फोटोसकट, आणि पहिली ओळ चोचीची असू द्या.

आपला एक वाचक,
दापोली